महिन्याला ५०० रुपये आणि एकच चेहरा: स्किनकेअर-मेकअपची पहिली खरेदी करणाऱ्यांसाठी

मी मिरजेहून पुण्याला नोकरीसाठी आले, तेव्हा चेहऱ्यासाठी म्हणून माझ्याकडे दोनच वस्तू होत्या: घरात सगळे वापरायचे तोच साबण आणि आईने बॅगेत टाकलेली व्हॅसलिनची डबी. वर्षभरात हॉस्टेलच्या कपाटातला एक अख्खा कप्पा ट्यूब आणि बाटल्यांनी भरला. एका रविवारी सगळं पलंगावर मांडलं आणि आठवतील तशा किमती वहीत लिहिल्या. बेरीज ६,८४० रुपये आली. त्यातल्या शेवटपर्यंत वापरून संपवलेल्या वस्तू फक्त तीन. बाकी काही वाळून गेलेलं, काही न मानवलेलं, काहींचा रंगच न जुळलेला. यातली एकही वस्तू ६०० रुपयांच्या वरची नव्हती. प्रत्येक वेळी मी ‘स्वस्त आहे, घेऊन बघू’ म्हणूनच घेतली होती.

त्या दिवसापासून मी महिन्याला ५०० रुपये ठरवून घेतले आणि आजवर ते सहसा ओलांडलेले नाहीत. मी डॉक्टर नाही, ब्युटिशियनही नाही. पण ज्या क्रमाने शिकायला हवं होतं त्याच्या अगदी उलट्या क्रमाने मी शिकले. तुमचं तसं होऊ नये म्हणून योग्य क्रम इथे देते आहे.

सुरू करण्याआधी एवढं जवळ ठेवा

- एक छोटी वही. कुठली वस्तू कधी उघडली आणि काय झालं, हे लिहायला.
- मार्कर पेन. ट्यूबवर उघडल्याची तारीख टाकायला.
- मोबाइल. खोक्यावरची बारीक अक्षरं मोठी करून वाचायला आणि दर आठवड्याला त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी चेहऱ्याचा एक फोटो काढायला. रोज आरशात बघून फरक कळत नाही, महिन्यापूर्वीचा फोटो शेजारी ठेवला की कळतो.
- प्रत्येक खरेदीचं बिल, आणि वस्तू संपेपर्यंत तिचं खोकंसुद्धा.

१. तोंड धुवा आणि तासभर काहीही लावू नका

आपली त्वचा कशी आहे हे ओळखायला पैसे लागत नाहीत. सकाळी तोंड धुऊन मऊ पंच्याने टिपून घ्या आणि तासभर काहीही न लावता आपली कामं करा. मग आरशात बघा. कपाळ, नाक, गाल सगळीकडे चकाकी असेल तर त्वचा तेलकट. फक्त कपाळ आणि नाक चकाकत असेल, गाल साधे असतील तर मिश्र. हसताना गाल ताणल्यासारखे वाटत असतील, पांढुरकी साल दिसत असेल तर कोरडी.

हे एकदा करून थांबू नका. मिरजेत मला कधी क्रीम लागलं नव्हतं. पुण्यात हॉस्टेलला बोअरचं जड पाणी, त्यामुळे आठ दिवसांत गालांवर पापुद्रे आले. माझी एक रूममेट रत्नागिरीची, तिची त्वचा तेलकट. दुसरी नागपूरची, तिला उन्हाळ्यातसुद्धा ओठांना तूप लागायचं. तिघींनी ऑफर होती म्हणून एकच फेसवॉश घेतला. रत्नागिरीच्या मुलीला तो छान मानवला आणि नागपूरच्या मुलीचे गाल चौथ्या दिवशी चुरचुरायला लागले. वस्तू तीच, पैसेही सारखेच. म्हणून मैत्रिणीला काय लागू पडलं हे नंतर विचारा, आधी तिची त्वचा कशी आहे ते विचारा.

२. पहिले दोन महिने तीनच वस्तू

फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. टोनर, सीरम (एखादा घटक जास्त प्रमाणात असलेलं पातळ द्रव्य), शीट मास्क, आय क्रीम यांतलं काहीही पहिल्या दोन महिन्यांत घेऊ नका.

फेसवॉशवर सगळ्यात कमी खर्च करा. तो चेहऱ्यावर अर्धा मिनिट राहतो आणि बेसिनमधून वाहून जातो. त्यात केशर असो वा व्हिटॅमिन सी, त्वचेला त्याचा फारसा उपयोग होत नाही. धुतल्यावर चेहरा करकरीत ताणला जात नसेल तर फेसवॉश बरा, एवढीच परीक्षा. दिवसातून दोनदा पुरे. तेलकटपणा घालवायला पाचपाचदा तोंड धुतलं की त्वचा कोरडी पडते आणि चुरचुरते, तेल मात्र पुन्हा येतंच.

मॉइश्चरायझरसाठी महागडं नाव लागत नाही. ग्लिसरीन असलेलं, कमी वासाचं कुठलंही साधं लोशन चालतं. तेलकट त्वचेला जेल किंवा लॅक्टो कॅलामाइनसारखं मातीचा अंश असलेलं लोशन हलकं वाटतं. चेहरा पूर्ण सुकायच्या आत, किंचित ओलसर असतानाच लावा. कोरड्या त्वचेला रात्री त्यावर बोटाच्या टोकाएवढं व्हॅसलिन पसरून लावलं तरी पुरतं. माझी आई गेली कित्येक वर्षं विको टर्मरिक लावते. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ साली सुरू केलेल्या विकोची ही हळद आणि चंदनतेलाची क्रीम तिला मानवते, त्यामुळे मी तिला कधी दुसरं काही आणून दिलं नाही. जे मानवतंय ते बदलायचं काही कारण नाही.

खरा खर्च सनस्क्रीनवर करा. काळे डाग, वांग, पिंपल गेल्यावर मागे राहणारे डाग यांवर कितीही सीरम चोपडलं तरी उन्हात तसंच फिरलात तर ते पुन्हा गडद होतात. एसपीएफ ३० किंवा त्याच्या वरचं आणि पीए+++ लिहिलेलं घ्या. एसपीएफचा आकडा त्वचा भाजून काढणाऱ्या यूव्हीबी किरणांबद्दल सांगतो आणि पीए त्वचेत खोल जाणाऱ्या यूव्हीए किरणांबद्दल. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतं, ५० सुमारे ९८ टक्के. एका टक्क्यासाठी दुप्पट पैसे मोजायची गरज नाही. यूव्हीए खिडकीच्या काचेतूनही आत येतं, म्हणून ऑफिसात खिडकीजवळ बसणाऱ्यांनीही लावायला हवं.

आता सगळ्यात मोठी चूक, जी मी दोन वर्षं केली. मी वाटाण्याएवढं सनस्क्रीन लावायचे आणि ५० ग्रॅमची ट्यूब सात महिने पुरवायचे. वाटायचं, किती काटकसर! खरं माप असं: तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ ओढा. तेवढं सनस्क्रीन चेहरा आणि मान यांना लागतं, अंदाजे एक ग्रॅम. म्हणजे रोज एकदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब साधारण ५० दिवस जाईल. सहा महिने पुरत असेल तर खोक्यावर लिहिलेल्या एसपीएफचा फार थोडा भाग तुम्हाला मिळतो आहे. हा हिशेब कळल्यापासून मी सनस्क्रीनची किंमत बघतच नाही, ग्रॅमला किती रुपये पडतात ते बघते. २९९ रुपयांची ३० ग्रॅमची ट्यूब दहा रुपये ग्रॅमला पडते, ४४९ रुपयांची ८० ग्रॅमची साडेपाच-पावणेसहाला. काउंटरवर स्वस्त दिसणारी ट्यूब महिन्याच्या शेवटी महाग निघते.

सावळ्या त्वचेवर काही सनस्क्रीन राखेसारखी पांढुरकी दिसतात. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड जास्त असलं की असं होतं. म्हणून पहिली खरेदी सगळ्यात लहान पॅकची करा, रंग पटला की मगच मोठी ट्यूब. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावायला सांगतात. लोकलमध्ये किंवा पीएमपी बसच्या गर्दीत ते जमत नाही, मला माहीत आहे. निदान दुपारी बाहेर पडण्याआधी एकदा लावा, आणि स्कूटीवर असाल तर वरून स्कार्फ आहेच.

३. खोक्याची पुढची बाजू सोडा, मागची वाचा

पुढच्या बाजूवर जाहिरात असते. मागच्या बाजूवर कायद्याने लिहायला लावलेला मजकूर असतो. आपल्याकडे १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे आणि त्याखाली २०२० चे सौंदर्यप्रसाधनांचे स्वतंत्र नियम आहेत. त्यानुसार उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, उत्पादन परवान्याचा नंबर, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख आणि घटकांची यादी असावी लागते. बाहेरून आयात केलेल्या वस्तूवर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. यांतलं काही नसेल तर वस्तू खाली ठेवा, कितीही स्वस्त असली तरी.

घटकांची यादी वाचायला रसायनशास्त्र लागत नाही. जो घटक सगळ्यात जास्त तो सगळ्यात आधी, अशी ती उतरत्या क्रमाने असते. एक टक्क्याच्या खालचे घटक मात्र शेवटी कसेही लिहिता येतात. बऱ्याच यादीत ‘फिनॉक्सीइथेनॉल’ हे टिकवण्यासाठी घातलेलं द्रव्य दिसेल. ते जास्तीत जास्त एक टक्का घालता येतं. म्हणजे यादीत त्याच्या मागे जे काही आहे ते फार तर एखादा टक्का, बहुतेकदा त्याहूनही कमी. एकदा मी केशर-चंदनाचं चित्र असलेली क्रीम हातात धरून ही यादी बोटाने खाली खाली वाचत गेले. आधी पाणी, मग ग्लिसरीन, मग मेण, मग सुगंध, मग फिनॉक्सीइथेनॉल, आणि अगदी शेवटून दुसरं केशर. पैसे मात्र केशराचे मागितले होते. शेजारी तसंच पाणी-ग्लिसरीन असलेलं साधं लोशन निम्म्या किमतीत होतं, मी ते घेतलं.

आणखी एक खूण बघा. उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात ६एम किंवा १२एम. उघडल्यापासून तितके महिने वापरा, असा त्याचा अर्थ. मार्कर पेन त्यासाठीच आहे. डोळ्यांना लावायचा मस्कारा तीन महिन्यांच्या वर ठेवू नका, मग तो कितीही उरला असो.

४. कानामागे लावा आणि दोन दिवस थांबा

कुठलीही नवी वस्तू आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावा. ४८ तास बघा. लाली, खाज, पुरळ काही आलं नाही तर जबड्याच्या एका कोपऱ्यावर तीन-चार दिवस लावा, मग पूर्ण चेहऱ्यावर.

दुसरा नियम याच्याच जोडीचा: एका वेळी एकच नवी वस्तू, आणि दोन नव्या वस्तूंमध्ये निदान दोन आठवड्यांचं अंतर. दिवाळीच्या सेलमध्ये मी चार गोष्टी एकदम आणल्या आणि चारही एकाच रात्री लावल्या. तिसऱ्या दिवशी हनुवटीवर बारीक पुरळ. चारांतली कुठली नडली हे शेवटपर्यंत कळलं नाही आणि चारही टाकाव्या लागल्या. अंतर ठेवलं असतं तर एकच टाकली असती.

५. आठ दिवसांत उजळ करणारी डबी कुणीही दिली तरी घेऊ नका

या पायरीसाठीच मी खरं तर हा सगळा लेख लिहायला बसले.

हॉस्टेलजवळच्या एका पार्लरमध्ये आयब्रो करायला जायचे. तिथल्या ताई प्रेमळ होत्या, मला ‘बाळा’ म्हणायच्या. एकदा म्हणाल्या, “लग्नाचं बघतायत ना घरी? ही लाव, आठवड्यात फरक बघ.” पांढरी, कापसाच्या बोळ्याएवढी डबी. वर फुलाचं चित्र, खाली काही नाही. ना पत्ता, ना बॅच, ना घटक. किंमत २५० रुपये. मी लावली आणि आठ दिवसांत चेहरा खरंच उजळ आणि गुळगुळीत दिसायला लागला. ऑफिसात चौघींनी विचारलं, मी आनंदाने सांगितलं, त्यातल्या दोघींनी तीच डबी आणली. तीन महिन्यांनी डबी संपली आणि दुसरी आणायला आठवडा गेला. त्या आठवड्यात गाल लाल झाले, साध्या पाण्याने आग व्हायला लागली, पुळ्या आल्या, कानशिलाजवळ पूर्वी नव्हती अशी बारीक लव दिसायला लागली. पुन्हा डबी लावली की सगळं शांत, बंद केली की पुन्हा तेच.

त्वचेच्या डॉक्टरांनी चेहरा बघताच विचारलं, “कुठली क्रीम लावत होतात?” त्या डबीत स्टिरॉइड असणार, असं त्यांचं म्हणणं पडलं. चेहरा पूर्ववत व्हायला सात महिने लागले. ज्या दोघींना मी ती सांगितली होती, त्यांनाही मीच डॉक्टरांकडे घेऊन गेले.

म्हणून ही नावं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन. ही स्टिरॉइडं आहेत. काही आजारांत डॉक्टर ती थोड्या दिवसांसाठी देतात, तेव्हा ती औषधं म्हणून चांगलीच आहेत. पण क्रीम म्हणून रोज चेहऱ्यावर लावायची नाहीत. हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन या औषधांबरोबर मोमेटासोन असलेली ट्यूब मेडिकलमध्ये ‘डागांची क्रीम’ म्हणून सर्रास मागितली जाते. २०१८ साली सरकारने त्वचेला लावायच्या १४ स्टिरॉइडांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाही अशा यादीत घातलं, तरी कुणी ओळखीने देईलच. मेडिकलवाले काका कितीही ओळखीचे असले तरी मागू नका. ट्यूबवर लाल रेघ असेल तर ते औषध आहे आणि ते चिठ्ठीवरच घ्यायचं.

दुसरा धोका पाऱ्याचा. पारा त्वचेत काळा रंग तयार होणं रोखतो, म्हणून गोरं करणाऱ्या बेनामी क्रीममध्ये तो घातला जातो, आणि त्वचेतून रक्तात जाऊन किडनी बिघडवतो. २०२३ मध्ये अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींना किडनीचा विकार झाल्याची आणि त्यामागे क्रीममधला पारा असल्याची बातमी आली होती. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनाही अशा क्रीम वापरणारे किडनीचे रुग्ण सापडले. कायद्याने आपल्याकडे चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा मुद्दाम घालता येत नाही. पण ज्या डबीवर पत्ताच नाही तिला कायदा कुठे गाठणार? यादीत ‘कॅलोमेल’, ‘मर्क्युरस क्लोराइड’ दिसलं किंवा ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ अशी सूचना असली तर ती डबी उघडूही नका.

आणि एक मनापासून सांगते. सावळा रंग हा आजार नाही, त्याला औषध नको. १९७५ पासून घराघरात असलेल्या प्रसिद्ध क्रीमनेसुद्धा २०२० मध्ये आपल्या नावातून ‘फेअर’ काढून टाकलं. स्थळ बघायला येणाऱ्यांसाठी म्हणून कुणी डबी पुढे केली तर नाही म्हणा. मी तेव्हा म्हणू शकले नाही, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

६. खरेदी कुठे करायची

पुण्यातली तुळशीबाग मला फार आवडते. क्लिप, टिकल्या, ब्रश, स्पंज, आरसे, मेकअपचे पाउच तिथूनच घ्या. तेवढं स्वस्त आणि तेवढं निवडीचं दुसरीकडे मिळत नाही. मुंबईकरांसाठी क्रॉफर्ड मार्केट आहेच. पण चेहऱ्यावर मुरणारी वस्तू रस्त्यावरच्या टेबलावरून घेऊ नका. मोठ्या ब्रँडची ८०० रुपयांची लिपस्टिक १०० रुपयांना कुणीही देत नाही.

नकली ओळखायची माझी पद्धत साधी आहे. खोक्यावरचा बॅच नंबर आणि आतल्या ट्यूबवरचा बॅच नंबर एकच आहे का, ते बघते. एमआरपीच्या स्टिकरवर दुसरा स्टिकर आहे का, नखाने खरवडून बघते. नावाचं स्पेलिंग अक्षर-अक्षर वाचते. ऑनलाइन घेताना विक्रेता कोण आहे ते वाचा. बऱ्याचदा ब्रँड एक आणि विकणारा भलताच असतो. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. सील तुटलेलं असेल तर त्याच दिवशी परत करा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, आणि तिथे बिल मागतात.

‘दोनवर एक फ्री’ला हात लावण्याआधी तारीख बघा. सेलमध्ये बऱ्याचदा मुदत संपत आलेला माल असतो. त्या तीन ट्यूब तेवढ्या दिवसांत संपणार नसतील तर एकच ट्यूब पूर्ण किमतीला घेतलेली परवडते.

७. सीरम घ्यायचं असेल तर तिसऱ्या महिन्यात, आणि एकच

आता मिनिमलिस्टसारख्या कंपन्या बाटलीवरच घटक आणि टक्केवारी लिहितात, त्यामुळे निवड सोपी झाली आहे. पिंपल आणि ब्लॅकहेड जास्त असतील तर सॅलिसिलिक अ‍ॅसिड, दोन टक्क्यांपर्यंत, आठवड्यातून दोन-तीन रात्री. डाग आणि तेलकटपणा असेल तर नायसिनामाइड, पाच टक्के पुरे. दहा टक्क्यांनी माझे गाल तापायचे, आणि दहा टक्क्यांची बाटली काही जास्त गुणी निघाली नाही. व्हिटॅमिन सी पिवळट असताना ठीक, तपकिरी झालं की त्याचा दम गेला. म्हणून ते लहान बाटलीतच घ्या. रेटिनॉल (व्हिटॅमिन एचाच एक प्रकार) नवख्यांनी घाईने घेऊ नये, आणि गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर अजिबात नाही.

सहा ते आठ आठवडे द्या. त्वचेचा वरचा थर बदलायलाच साधारण चार आठवडे जातात. आठव्या दिवशी फरक नाही म्हणून बाटली बदलणं म्हणजे पेरणीनंतर रोज माती उकरून बघण्यासारखं आहे. दर आठवड्याचे खिडकीजवळचे फोटो इथे उपयोगी पडतात.

घरगुती उपायांबद्दल दोन शब्द. डाळीचं पीठ, दूध, दिवाळीचं उटणं, ज्यात नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद असतं, ते अधूनमधून हलक्या हाताने लावायला माझी काही हरकत नाही. लिंबू मात्र चेहऱ्यावर नको. ते त्वचेला न सोसण्याइतकं आंबट असतं आणि लिंबू लावून उन्हात गेलं तर काळे चट्टे उठू शकतात. खाण्याचा सोडा आणि पिंपलवर टूथपेस्टही नको. मी टूथपेस्ट लावली होती; पिंपल चार दिवसांत गेला, भाजल्याचा डाग तीन महिने राहिला.

८. मेकअप: पहिल्या खरेदीत चार वस्तू

काजळ, कॉम्पॅक्ट (डबीत दाबून बसवलेली पावडर), एक लिपस्टिक आणि मेकअप काढायची सोय. फाउंडेशन नंतर.

लिपस्टिक आधी घ्या, कारण चुकली तरी फार पैसे जात नाहीत. एल १८ ब्रँडच्या किंवा तशाच लहान लिपस्टिकने सुरुवात करा. दुकानातला टेस्टर ओठांना लावू नका, शंभर जणींनी लावलेला असतो. बोटाच्या टोकाला लावून बघा. मनगटापेक्षा बोटाच्या पेराचा रंग ओठांच्या जास्त जवळचा असतो. गव्हाळ आणि सावळ्या रंगाला विटकरी, मरून, जांभळाचा रंग, गडद गुलाबी हे हमखास उठून दिसतात. फिकट न्यूड रंगाने माझा चेहरा आजारी दिसायचा, आणि असे तीन घेतले तेव्हा मला ते कळलं. तीच लिपस्टिक बोटाने टिपून गालांवर पसरली की वेगळा ब्लश लागत नाही.

फाउंडेशन आणि कॉम्पॅक्टचा रंग हातावर बघू नका. चेहरा आणि हात यांच्या रंगात खूप फरक असतो. जबड्यावर तीन शेडच्या तीन रेघा ओढा आणि दुकानाच्या बाहेर या. दुकानातल्या पांढऱ्या दिव्यात सगळं सुंदर दिसतं. उजेडात जी रेघ दिसेनाशी होते ती तुमची शेड. लगेच घेऊ नका. १५ मिनिटं समोर उसाचा रस प्या आणि पुन्हा बघा, कारण तेल आणि हवा लागली की बऱ्याच शेड एक पायरी गडद होतात. विकणारी मुलगी एक शेड उजळ घ्या म्हणेल, बहुतेक म्हणतातच. उजळ शेडने चेहरा राखाडी आणि मान वेगळी दिसते. लग्नाच्या फोटोंत तर फारच, कारण सनस्क्रीनमधलं झिंक आणि पावडर फ्लॅशमध्ये पांढरी चमकते. मेकअप झाल्यावर मोबाइलचा फ्लॅश लावून एक फोटो काढून बघा, मगच मांडवात जा.

ब्रश आणि स्पंज आठवड्याला शाम्पूने धुऊन, उभे न ठेवता आडवे वाळवा. काजळ काढायला कापसावर दोन थेंब खोबरेल तेल पुरतं, नंतर फेसवॉश. तेल चेहऱ्यावर तसंच ठेवून झोपू नका, पिंपलवाल्यांनी तर नाहीच.

९. टिकली, कुंकू, काजळ: रोजचं म्हणून दुर्लक्षित

कपाळावर टिकलीच्या जागी पांढरट ठिपका दिसायला लागला तर टिकली त्याच दिवशी बंद करा. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्युटिल फिनॉल नावाचं रसायन असतं, त्याने त्वचेचा रंग जातो. माझ्या काकूंना वाटलं कोड आहे, त्यांनी वर्षभर कुणाला सांगितलं नाही, आणखी मोठी टिकली लावून ते झाकत राहिल्या. झाकल्याने तो वाढतच गेला. रात्री झोपताना टिकली काढा, आरशाला चिकटवलेली जुनी टिकली पुन्हा लावू नका. कुंकू हळदीचं, ओळखीच्या ठिकाणचं घ्या. भडक रंगाच्या कुंकवाने खाज येत असेल तर त्यातला रंग नडतोय. सुट्टं, पत्ता नसलेलं काजळ-सुरमा लहान मुलांना लावू नका, त्यात शिसं सापडतं. आणि लग्नात काळी मेंदी कुणी काढायला लागलं तर हात मागे घ्या. अस्सल मेंदी काळी नसते, काळ्या मेंदीत केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन घातलेलं असू शकतं आणि हातावर फोड येतात.

१०. डॉक्टरांकडे कधी आणि काय घेऊन

दुखणाऱ्या गाठींचे पिंपल, गालांवर पसरत चाललेले वांग, पांढरे ठिपके, तीन महिन्यांत कमी न झालेले डाग, किंवा कुठलीही क्रीम बंद केल्यावर आग होणं. यांतलं काही असेल तर नवी वस्तू विकत घेऊ नका. दोन सीरमच्या किमतीत बहुतेक ठिकाणी डॉक्टरांची फी भागते. तेही जड जात असेल तर सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभाग असतो. पुण्यात ससून, मुंबईत केईएम. केसपेपर नाममात्र पैशांत निघतो, फक्त सकाळी लवकर रांगेत उभं राहावं लागतं आणि ओपीडी कुठल्या वारी आहे ते आदल्या दिवशी विचारून जावं लागतं.

जाताना तोंड धुऊन, मेकअप न करता जा. वापरलेल्या सगळ्या ट्यूब, डब्या, रिकामी खोकीसुद्धा एका पिशवीत घ्या, पार्लरमधून घेतलेली बेनामी डबी असेल तर ती आधी. घेत असलेल्या गोळ्यांची नावं आणि पाळीची तारीख वहीत लिहून ठेवा, कारण डॉक्टर ते विचारतात. मोबाइलमध्ये दर आठवड्याचे ते खिडकीजवळचे फोटो एका फोल्डरमध्ये लावून ठेवा. माझ्या डॉक्टरांनी ते एकेक करून उलटे मागे नेले आणि बोट ठेवून म्हणाल्या, “हा बघा, इथे सुरू झालं.” तो डबी उघडल्यानंतरचा दुसरा आठवडा होता.